अकरा साहेबांच्या बाह्या

शत्रूच्या जनरलाशी इस्त्रीकाकूंचं पहिलं भांडण झालं ते बाहीवरून. लढाई, सरहद्द, पाडलेला पूल, सगळं राहिलं बाजूला. जनरलसाहेबांनी धुऊन आलेला सदरा झटकून उघडला, कोपराच्या वर दुमडलेल्या बाह्या बघितल्या आणि पहाऱ्यावरच्या हवालदाराकरवी सदरा परत पाठवला. निरोप काय, तर म्हणे, "आमच्या सैन्यात बाही अशी दुमडत नाहीत."

काकूंनी हातातली इस्त्री तिवईवर आदळली.

"त्यांच्या सैन्यात काय करतात ते मला नका सांगू म्हणावं. त्यांचं सैन्य त्यांच्या घरी. इथे घडी माझी."

हवालदार बिचारा दोन्हीकडून कात्रीत सापडला. दिवसभर जांभया देणं एवढंच काम त्याला नीट जमायचं, त्यात हे निरोप कोण पोचवणार? त्यानं सदरा तसाच साहेबांच्या खाटेवर ठेवला आणि पळ काढला. साहेबांनी बाह्या उलगडल्या, स्वतःच्या हातानं चार-चार बोटांच्या पट्ट्या घालून पुन्हा दुमडल्या. पुढच्या आठवड्यात काकूंनी त्या पुन्हा आपल्या पद्धतीनं दुमडून पाठवल्या. साहेबांनी पुन्हा उलगडल्या. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, ते या म्हाताऱ्याला बघून सुचलं असावं. आणि काकूंचा तर सुंभही अजून जळायचा होता.

आता ही घडी काय भानगड होती ते सांगायला हवं. बाही आधी सगळी उलटी करून कोपराच्या वर न्यायची, मग खालचा भाग अर्ध्यावर दुमडून वर आणायचा, असा की मनगटाची पट्टी वरच्या अंगाला बोटभर डोकावली पाहिजे. वर इस्त्रीचा एक दाब. दिवसभर हात हलवा, कुदळ मारा, बाही सुटायची नाही. काकूंना ही घडी त्यांच्या सासूनं शिकवली आणि काकूंनी मुलाला. मुलगा फौजेत शिपाई झाला तेव्हा अख्ख्या तुकडीच्या बाह्या हाच दुमडून द्यायचा. पहिल्या पत्रात त्यानं लिहिलं होतं, "आई, इथे मला नेमबाजीत कुणी विचारत नाही, पण घडीसाठी रांग लागते."

ते पत्र काकूंना तोंडपाठ होतं. कारण त्यानंतर दोनच पत्रं आली, आणि मग आली ती तार. तारेत एकच शब्द महत्त्वाचा होता: बेपत्ता.

तार आली त्या दिवशीही काकू कामावर गेल्या होत्या. लोक बोललेच. लोकांचं काय, गेल्या नसत्या तरी बोलले असते. पण काकूंचं म्हणणं, घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा चादरी बऱ्या. टेकडीवरच्या त्या लांबलचक इमारतीत त्या तीस वर्षं काम करत होत्या. आधी ते छातीच्या रोग्यांचं इस्पितळ होतं. उंच खिडक्या, लोखंडी खाटा, एका टोकाला धुलाईघर आणि त्यात दोन पुरुष वाकून आत मावतील एवढा तांब्याचा बंब. लढाई सुरू झाली, रोगी हलवले आणि इमारतीला काटेरी तार घालून तिथे पकडलेल्या बड्या अधिकाऱ्यांची छावणी केली. डॉक्टर गेले, नर्सा गेल्या. बंब आणि काकू मात्र इमारतीबरोबर छावणीच्या वाट्याला आल्या.

अकरा कैदी. एक जनरल, तीन ब्रिगेडियर, बाकी कर्नल. ज्यांच्या एका शब्दावर दहा हजार माणसं चालायची, ते अकरा जण आता रोज सकाळी व्हरांड्यात उभे राहून स्वतःची मोजदाद करून घ्यायचे. मोजणारा होता छावणीचा प्रमुख, एक मेजर. लढाईआधी शाळेत भूगोल शिकवायचा, आणि अजूनही हजेरी घेताना मास्तरच वाटायचा. हुद्द्यानं सगळ्यांत लहान तोच. त्यामुळे त्याला फार अवघड व्हायचं. जनरलसाहेब मात्र रोज कडक उभे राहायचे आणि स्वतःहून म्हणायचे, "मोजा, मेजर. आम्ही अकराच आहोत. काल रात्रीत वाढलो नाही."

भाषा दोन्हीकडची जवळजवळ एकच, त्यामुळे टोमणे नीट कळायचे.

काकू त्यांचे कपडे धुवायच्या, पण मनात काही प्रेम नव्हतं, उगाच तसं कुणी समजू नये. यांच्याच विमानांनी पूल पाडला. पुलाकडची निम्मी वस्ती त्यात गेली. काकूंचं घर पुलापासून सहा घरं अलीकडे, म्हणून राहिलं. मुलगा तेव्हा आघाडीवर होता, त्याला घर राहिलं की गेलं हे कळलं होतं की नाही कुणास ठाऊक. बंबात चादरी उकळताना काकूंच्या मनात कधीकधी भलतंसलतं यायचं. पण कपडा हातात आला की हात आपलं काम करायचे. "कपड्यानं माझं काय वाकडं केलंय?" त्या म्हणायच्या.

घरी सून होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा आघाडीवर गेलेला. ती सासूशी भांडायची नाही, पण काकू छावणीतून आल्या की त्यांचे हात धुवायला ती पाणी ओतायची तेव्हा दुसरीकडे बघायची. काकूंना ते कळायचं. बोलून काय करणार?

असं चाललेलं असताना राजधानीतून हुकूम आला.

मेजर स्वतः धुलाईघरात आला. येताना टोपी काढून हातात धरली, तेव्हाच काकूंनी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"काकू, उद्यापासून साहेबलोकांचे कपडे धुवायचे नाहीत. साबण बंद, इस्त्री बंद. पंधरा दिवस."

"का? बंब फुटला?"

"सोळाव्या दिवशी फोटो काढायला येणार आहेत. बाहेरच्या देशांचेसुद्धा." मेजर टोपी फिरवत राहिला. "वरचं म्हणणं असं, की पकडलेले सेनापती कसे दिसतात ते जगाला दिसू दे."

"म्हणजे मळके."

मेजरनं टोपीकडे बघत मान हलवली.

"मी इथे असताना मळके," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. "मास्तर, अहो, फोटोत बघून लोक काय म्हणतील? इथे धुणारी बाई मेली होती का, असं म्हणतील!"

"तुमचं नाव कोण घेणार आहे, काकू?"

"माझं मी घेते ना!"

पण हुकूम तो हुकूम. धुलाईघराला कुलूप लागलं. आणि सरकारी कारभार बघा कसा असतो: चादरी सरकारी मालकीच्या, त्या स्वच्छ राहिल्याच पाहिजेत असा दुसरा, जुना हुकूम होता, तो कुणी रद्दच केला नव्हता. तेव्हा ठरलं असं की चादरी काकूंनी दर शनिवारी गाठोडं बांधून घरी न्यायच्या आणि धुऊन रविवारी परत आणायच्या. चादरी पांढऱ्याशुभ्र आणि त्यांवर झोपणारी माणसं कळकट. कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून निघालं देव जाणे.

दहा-बारा दिवसांत साहेबांची रया गेली. उन्हाळा होता. पकडले गेले तेव्हा अंगावर होता तेवढाच प्रत्येकाचा गणवेश. कॉलर काळ्या पडल्या, पाठीवर घामाचे पांढरे नकाशे उमटले. एका कर्नलला खरूज झाली. जनरलसाहेब अंथरुणाखाली विजार पसरून झोपायचे, निदान सरळ तरी राहावी म्हणून, आणि सदरा साध्या पाण्यात खळबळून काढायचे. पण साबणाशिवाय मळ हटतो होय? चहाच्या वेळी काकू एकदा चादरी मोजायला आल्या आणि त्यांनी पाहिलं, हा मिशाळ म्हातारा खिडकीशी उभा राहून थुंकी लावून स्वतःच्या कॉलरवरचा डाग घासत होता. काकूंना बघितल्यावर त्यानं हात खाली घेतला आणि मान वळवली.

काकूंना वाईट वाटलं. शत्रूबद्दल वाईट वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला. मग घरी जाताना उतारावर एक विचार आला आणि त्या मधेच थांबल्या. आपलं पोरगं तिकडे कुठे असेल, जिवंत असेल, तर तेही असंच कुठल्यातरी तारेच्या आत असेल. तिथेही एखादी बाई कपडे धुवत असेल. तिला कुणी हुकूम दिला आणि ती हो म्हणाली, तर?

"माझ्यापुरतं तरी मी हो म्हणणार नाही," काकू मोठ्यानं म्हणाल्या. रस्त्यात कुणी नव्हतं ते बरं.

शनिवार आला. सोमवारी फोटो. काकू सकाळीच छावणीत शिरल्या, कोठारातल्या जादा धुतलेल्या चादरींचा गठ्ठा उचलून तडक मोठ्या खोलीत गेल्या आणि जनरलसाहेबांच्या खाटेपाशी उभ्या राहिल्या.

"गणवेश काढा."

अकरा माना वळल्या.

"काय म्हणालात, बाई?"

"गणवेश. अकराच्या अकरा. चादरींच्या गाठोड्यात घालून नेते, उद्या दुपारी परत आणते. तोवर या स्वच्छ चादरी गुंडाळून बसा. परवा फोटो आहे, ठाऊक आहे ना?"

एक चष्मेवाले ब्रिगेडियर होते, ते पटकन म्हणाले, "साहेब, ही चाल आहे. उद्या गणवेश परत आलेच नाहीत, तर परवा आपला फोटो चादरीत निघेल. साऱ्या जगाला दिसेल."

खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नव्हतं. काकूंच्या जागी दुसरं कुणी असतं तर मीही हेच म्हटलं असतं. जनरलसाहेब काकूंकडे बघत राहिले.

"परत आणाल कशावरून?"

"तीस वर्षांत माझ्या हातून उशीचा अभ्रासुद्धा हरवलेला नाही."

"तो तुमच्या माणसांचा होता. आम्ही शत्रू." साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "बाई, माझ्या खांद्यावरची ही चिन्हं मी लढाईत कुणाला काढू दिली नाहीत. तुमच्या हाती देऊ, तर तारण काय ठेवता?"

काकू म्हणाल्या, "तारण ठेवायला आता माझ्याकडे काही नाही. एकुलता एक पोरगा होता. तो आधीच तुमच्याकडे आहे. निदान असावा, अशी आशा आहे."

खरजेवाला कर्नलसुद्धा खाजवायचा थांबला.

जनरलसाहेबांनी वरचं बटण काढलं. मग दुसरं. चष्मेवाले ब्रिगेडियर काही बोलायला गेले तेव्हा साहेब म्हणाले, "वाद नको. हा हुकूम आहे," आणि सदरा काढून, हो, नीट घडी घालून, काकूंच्या हातात दिला.

फाटकावर हवालदारानं जांभई आवरून काठीनं गाठोडं ढोसलं. "आज जड दिसतंय, काकू. सोडून दाखवा."

"दाखवते की. एका साहेबाला खरूज झालीय, त्याचीच चादर वर आहे. घाल हात."

हवालदार दोन पावलं मागे सरला. "असू दे, असू दे. जा तुम्ही."

घरी सुनेनं गाठोडं सुटताना पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली.

"आई, हे काय? पकडल्या गेलात तर? फितुरी म्हणतील."

"म्हणू देत. पाणी तापत ठेव."

"मी हात लावणार नाही. यांनी पूल पाडला. आणि यांनीच त्यांना..." तिला पुढे बोलवलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली.

काकूंनी तिला काही समजावलं नाही. खिडक्या लावल्या, कारण शत्रूचे गणवेश अंगणातल्या दोरीवर वाळत घातले असते तर संध्याकाळपर्यंत दारात गाव जमलं असतं. मग उकळलं, घासलं, पिळलं, घरातल्या घरात दोऱ्या बांधल्या. एवढ्याशा खोलीत अकरा विजारी आणि अकरा सदरे ठिबकत होते आणि त्यांच्यामधून वाकून जाताना काकूंचा अंबाडा भिजला होता. साठीला आलेली बाई, एकटी. रविवारी उजाडल्यावर त्यांनी घरच्या जुन्या इस्त्रीत निखारे भरले आणि पहिला सदरा पसरला, तेव्हा कंबर सरळ होईना.

सून उठली. दोरीवरचा एक सदरा तिनं ओढला, कॉलर चाचपून पाहिली आणि तिथेच थबकली. बाहीला मोठी फाट गेली होती आणि कुणीतरी काळ्या दोऱ्यानं ती कशीबशी टाचली होती, टाके असे वाकडेतिकडे की बघवत नव्हतं.

"स्वतःच शिवलंय त्यानं," ती म्हणाली. "जवळ कुणी नाही ना. दिसतंच आहे."

तिनं सुई घेतली, ते टाके उसवले आणि बारीक धावदोरा घालून फाट शिवली. डोळ्यांतलं पाणी बाहीवर पडत होतं आणि ती पुसत नव्हती. मग काकूंच्या हातातून इस्त्री घेऊन तिनं ती बाही दुमडली, काकूंसारखी, म्हणजे काकूंसारखी करायला गेली. पट्टी डोकावायची ती एका बाजूला दोन बोटं आणि दुसऱ्या बाजूला गडप. लग्नानंतर नवऱ्यानं तिला ही घडी शिकवायचा किती प्रयत्न केला होता! दर वेळी तो पोट धरून हसायचा. "ही घडी नव्हे गं, ही गुंडाळी."

काकूंनी बघितलं. त्यांचे हात शिवशिवले. "आण इकडे, परत घालते."

"राहू दे ना, आई." सून म्हणाली. "एक राहू दे माझी."

काकूंच्या तीस वर्षांच्या कामात कच्ची घडी कधी बाहेर गेली नव्हती. पण सुनेचा चेहरा बघून त्यांनी जीभ आवरली आणि पुढचा सदरा घेतला.

तिकडे छावणीत त्या सकाळी हजेरीला मोठी मौज झाली. मेजर व्हरांड्यात आला तर अकरा जण पांढऱ्या चादरी लपेटून ओळीत उभे. जनरलसाहेब सगळ्यांत कडक. चादर खांद्यावर अशी घेतलेली, जणू कुठल्या दरबारात आलेत.

मेजरनं एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून. "हे काय आहे?"

"ताप," साहेब म्हणाले. "थंडी वाजून येते आहे. सगळ्यांना."

अंगातून घामाच्या धारा लागतील असं ऊन होतं. मेजरनं दारातून आत रिकाम्या खुंट्यांकडे पाहिलं, मग कोपऱ्यात चादरींच्या गठ्ठ्याकडे. मास्तर होता तो. वर्गात कुणी काय लपवलंय हे मास्तरला कळतंच.

"माझं काम माणसं मोजायचं," तो शेवटी म्हणाला. "कपडे मोजा असं कुठे लिहिलेलं नाही. अकरा. बरोबर." जाता जाता वळून म्हणाला, "तापाची काळजी घ्या, साहेब. उद्यापर्यंत उतरला पाहिजे."

दुपारी काकू आल्या. अकरा गणवेश, चादरींच्या आत. एक बटणसुद्धा कमी नाही.

सोमवारी राजधानीतल्या प्रसिद्धी खात्याचे साहेब मोटारीतून उतरले, मागे फोटोवाल्यांचा ताफा, त्यात बाहेरदेशांचे चार. प्रसिद्धीसाहेबांनी सगळ्यांना पायऱ्यांसमोर उभं केलं आणि हसत हसत म्हणाले, "आता बघा, लोकहो, हे त्यांचे सिंह."

दार उघडलं आणि अकरा जण बाहेर आले. विजारींच्या कडा अशा की बोट कापेल. कॉलर कडक. हुद्द्याची चिन्हं उन्हात चमकत होती. पायऱ्यांवर ते एका ओळीत उभे राहिले आणि काकू धुलाईघराच्या बंद दाराशी उभ्या राहून बघत होत्या, तर त्यांना पहिल्यांदा काय दिसलं असेल? जनरलसाहेबांच्या बाह्या. घडी काकूंचीच. बोटभर पट्टी वर डोकावलेली. त्या दिवशी त्यांनी ती उलगडली नव्हती.

काकूंची छाती फुगली, खोटं कशाला बोला? आपल्या पोराला बढती मिळाल्यासारखं वाटलं त्यांना.

फोटो निघाले. बाहेरदेशांच्या फोटोवाल्यांना कोण थांबवणार? ते खूश होते. प्रसिद्धीसाहेबांचा चेहरा मात्र लालबुंद. ताफा गेल्यावर त्यांनी मेजरला समोर उभं केलं.

"हे कुणाच्या हुकमानं झालं?"

मेजर तोंड उघडणार तेवढ्यात काकू पुढे झाल्या. "माझ्या."

"तू कोण?"

"इस्त्रीवाली."

"शत्रूचे कपडे धुतेस? लाज नाही वाटत?"

"मळके पाठवले असते तर वाटली असती," काकू म्हणाल्या. "अहो साहेब, ते पकडलेले दिसायचे तर दिसलेच की. तारेच्या आतच उभे आहेत ना? पण कॉलर काळी दिसली असती तर ती त्यांची नसती दिसली. ती आपली दिसली असती."

एवढं बोलल्यावर काय होणार ते काकूंना ठाऊक होतं. तीस वर्षांची नोकरी दहा मिनिटांत गेली. मेजरनं मधे पडून तुरुंग तेवढा वाचवला, "म्हातारी आहे, तिचा मुलगा बेपत्ता आहे," असं सांगून. काकूंना 'म्हातारी' हा शब्द अजिबात आवडला नाही, पण त्या गप्प बसल्या.

धुलाईघरातून स्वतःची इस्त्री आणि तिवई घेऊन त्या फाटकाकडे निघाल्या, तेव्हा व्हरांड्यात जनरलसाहेब उभे होते. त्यांनी हात वर नेला, अर्ध्यावर थांबवला. "एक मिनिट, बाई," म्हणाले आणि चक्क आत गेले. त्यांच्या सैन्यात डोक्यावर टोपी असल्याशिवाय सलाम करत नाहीत. रिवाज म्हणजे रिवाज. टोपी घालून बाहेर आले, मागे दहाही जण टोप्या घालून, आणि अकरा हात एकदम कपाळाला गेले.

काकू पुरत्या गोंधळल्या. दोन्ही हातांत सामान. काय करावं सुचेना. "हात खाली घ्या हो," त्या ओरडल्या. "बाह्या सुटतील."

"नाही सुटत," जनरलसाहेब म्हणाले. मिशीखाली हसू होतं. "चांगली घडी आहे. आमच्या सैन्यात सुरू करायला हवी."

त्यानंतरचे दिवस काही सुखाचे नव्हते. गावात गोष्ट फुटली. नळावर बायका काकूंना बघून बादल्या उचलायच्या. "शत्रूची परटीण आली," असं कुणीतरी ऐकू जाईल इतपत हळू म्हणायचं. काकू ताठ मानेनं पाणी भरायच्या आणि घरी येऊन गप्प बसायच्या. कपडे इस्त्रीला द्यायला कुणी येईना. सून शिवणकाम करून घर चालवत होती. एकदा काकू म्हणाल्या, "चुकलं का गं माझं?" तर इतके दिवस कधी वर न बघणारी ती पोर म्हणाली, "नाही, आई. कुणी विचारलं तर सांगा, त्यातली एक बाही माझी होती."

अडीच महिने गेले. मग एका सकाळी मदतसंस्थेचा माणूस सायकलवरून आला आणि काकूंचं नाव विचारत दारात उभा राहिला. हातात एक पिवळट कार्ड. कैद्यांना लिहायला देतात तसलं, पाच-सहा ओळींची जागा असलेलं. काकूंना अक्षर लांबूनच ओळखू आलं. त्या उंबऱ्यातच बसल्या.

"वाच," त्या सुनेला म्हणाल्या. "काही गाळू नकोस. वाईट असलं तरी वाच."

सून वाचू लागली.

"आई, मी जिवंत आहे. पाय मोडला होता, जुळला. पुलाकडची वस्ती गेली असं इथे ऐकलं होतं. मग अकरा साहेबांचा फोटो आला. तो बघून इथल्यांनी आम्हालाही साबण दिला, हे कार्डही दिलं. फोटो आमच्या भिंतीवर लावलाय. बाह्यांवर तुझी घडी बघितली आणि कळलं, तू आहेस. डावीकडून चौथ्या साहेबांची बाही मात्र..."

सून थांबली.

"काय? बाहीचं काय?"

"...मात्र गुंडाळी आहे. म्हणजे हीसुद्धा आहे. आता मला कसलीच काळजी नाही."

सुनेनं कार्ड तोंडावर दाबलं. ती हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. काकूंनी तिला जवळ ओढलं. नळावरून येणारी शेजारीण बादली घेऊन रस्त्यातच थांबली होती, तिला काकूंनी उंबऱ्यातूनच हाक मारून सांगितलं, "अगं ए, माझा मुलगा आहे! आमच्या दोघींच्या बाह्या ओळखल्या त्यानं!"

शेजारणीला यातलं काही कळलं नाही, पण तिनं बादली खाली ठेवली आणि ती धावत आली.

कार्ड चुरगळलं होतं, एका कोपऱ्याला ओलं झालं होतं. काकूंनी ते सुनेच्या हातातून हलकेच सोडवलं, मांडीवर ठेवून तळहातानं सारखं केलं, उलटंसुलटं बघितलं. त्यांचं काही समाधान होईना.

"इस्त्री तापव," त्या म्हणाल्या. "फार नको. कागद आहे."